त्रिकोणी डोक्याचा साप तेवढा विषारी? खुलासा

साप शोधायला रानात जाणाऱ्यांमध्ये एक मेसेज सध्या फिरतो आहे : 'डोकं त्रिकोणी आणि डोळ्याची बाहुली उभी असेल तर साप विषारी, डोकं लांबट, बाहुली गोल असेल तर बिनविषारी, खुशाल हातात घ्या.' हा मेसेज चुकीचा आहे, आणि त्यातला शेवटचा भाग जीवघेणा आहे.

घोणस आणि फुरशाला ही खूण लागू पडते. पण नाग आणि मण्यार या दोघांचंही डोकं त्रिकोणी नसतं, बाहुलीही गोल असते. उलट अजगर बिनविषारी, तरी त्याची बाहुली उभी. शिवाय घाबरलेले काही बिनविषारी साप डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवतात.

विषारी मण्यार आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या साप यांची गल्लत तर अनुभवी डोळ्यांकडूनही होते. अमेरिकन सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की सप्टेंबर 2001 मध्ये म्यानमारमध्ये मण्यारीच्याच चावण्याने गेले. पिल्लू लहान होतं, बिनविषारी सापासारखं दिसत होतं. आयुष्यभर सापांचा अभ्यास केलेल्या माणसाची ही गत, तर मेसेज वाचून हात घालणाऱ्याचं काय होईल, या विचारानेच हे लिहितो आहे.

साप बघायला जरूर जा. दोन मीटर लांबून बघा, फोटो काढा, ओळख नंतर पटवा. दगड किंवा ओंडका हाताने उलटू नका. लांब आकडी वापरा आणि तो पुन्हा होता तसाच ठेवा, कारण त्याखाली कोणाचं तरी घर असतं. चावा झालाच, तर कापणं-चोखणं न करता तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठा.