‘काका, एफ १.८ हे जुन्या काळचं खूळ’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फोटो काढताना कोणत्या कामाला कोणती बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि कोणती लेन्स, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. नाव दिलेलं नाही, म्हणून नुसतंच ‘आपण’ म्हणतो. बाकीच्या वाचकांना शोधत बसायला लागू नये, म्हणून आपलं म्हणणं थोडक्यात इथे देतो: “काका, लेख दहा वर्षं जुना वाटतो. आता आयएसओ कितीही वाढवता येतो, त्यामुळे एफ १.८, एफ २.८ हे जुन्या काळचं खूळ आहे. चांगली बॉडी घ्यायची, सोबत येणारी झूम लावायची, विषय संपला. क्रॉप फॅक्टर पण चुकीचा दिलाय. डोळा ओळखणाऱ्या ऑटोफोकसवर, नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर एक शब्द नाही. घरात बसून लिहिल्यासारखं वाटतं. आणि किमती का दिल्या नाहीत?” नवख्या वाचकांसाठी: एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचं माप, आकडा लहान तेवढं तोंड मोठं. आयएसओ म्हणजे आत आलेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा तो आकडा. नॉइज म्हणजे फोटोत दिसणारे दाणे.

आधी चूक कबूल करतो. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या ‘फुलफ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान सेन्सरच्या बॉडीवर लेन्सचा आकडा ‘सगळीकडे दीडपट’ धरा असं मी लिहिलं होतं. निकॉन, सोनी, फुजी यांच्यासाठी ते बरोबर आहे. कॅननच्या क्रॉप बॉडीला १.६ धरायला हवं. लेखात दुरुस्ती केली आहे. पन्नास मिलिमीटरची लेन्स एकीकडे पंचाहत्तरसारखी वागते आणि दुसरीकडे ऐंशीसारखी, एवढाच हा फरक. त्यावरून कुणाची खरेदी चुकली असेल असं मला वाटत नाही, पण चूक ती चूक. दाखवलीत, आभारी आहे.

आता ‘खूळ’.

हा शब्द आपण सहज वापरलात. मतभेद असू शकतात, आणि ‘मला पटत नाही’ हे सांगायला मराठीत शब्दांची वानवा नाही. ज्याला आपण कधी भेटला नाहीत, ज्याचं काम पाहिलेलं नाही, त्याच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाला एका ओळीत खूळ म्हणायचं आणि वर ‘काका’ लावून ते गोड करायचं, ही पद्धत मला आवडली नाही. माझ्या पुतण्यांनी काका म्हणावं, त्यांचा तो हक्क आहे. अनोळखी माणसाशी बोलताना ‘तुम्ही’ पुरतं. लेख आवडला नाही म्हणून मी रागावलो असं समजू नका. याआधी इथेच कितीतरी जणांनी माझ्याशी वाद घातला आहे, आणि त्यांतले दोघे-तिघे आज चांगले मित्र आहेत. त्यांच्यापैकी कुणी ‘घरात बसून’ म्हणाला नव्हता.

म्हणून घराबाहेरचंच सांगतो.

मी सावंतवाडीचा. आमच्या पट्ट्यात त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रांचे दिवस सुरू होतात आणि देवळापुढच्या मांडवात दशावतार उभा राहतो. रात्री उशिरा सुरू होतो, उजाडेपर्यंत चालतो. मागे पडदा, पुढे एक बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, एवढंच नेपथ्य. संवाद लिहिलेले नसतात, नट जागच्या जागी रचतात. त्यामुळे तलवार कधी उपसली जाईल, राजा कधी बाकड्यावर पाय देऊन उभा राहील, हे फोटो काढणाऱ्याला आधी कळत नाही. ‘पुन्हा एकदा करा हो’ म्हणायची सोय नाही. फ्लॅश मारायचा नाही, हा माझा नियम आहे. तो मला एका जुन्या दशावताऱ्याने घालून दिला. मी नवखा होतो, दोनदा फ्लॅश उडवला, तर पडद्यामागे बोलावून म्हणाला, “फोटो काढ रे, पण तो उजेड मारू नको. डोळ्यांक काय दिसना नाय.” हातात तलवार असलेला माणूस क्षणभर आंधळा होतो, याचा तोवर मी विचारच केला नव्हता.

उजेड म्हणजे काय असतो तिथे? पूर्वी ट्यूबलाइटी आणि दोन हॅलोजन, आता एलईडी. मांडवात जागेवर बसून मी जे मोजलं आहे ते सांगतो. तलवारीचा हात गोठवायला शटर एक छेद अडीचशे सेकंद तरी लागतं. एफ १.८ ला मला आयएसओ १६०० पुरतं. तीच चौकट एफ ६.३ ला घ्यायची तर ६.३ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे बारापट उजेड कमी. तेवढी भरपाई आयएसओने करायची तर आकडा वीस हजारांच्या जवळ जातो. हे गणित दहा वर्षांपूर्वी होतं तेच आज आहे. नवी बॉडी आली म्हणून ६.३ चा वर्ग बदललेला नाही.

आपण म्हणाल, वीस हजार तर वीस हजार, आजच्या बॉडीला काय होतंय? करून पाहिलं आहे. माझ्याकडे निकॉन झेड ६ मार्क २ आहे, म्हणजे आपण समजता तेवढा मी मागे राहिलेलो नाही. एका हंगामात माझी ८५ एफ १.८ दुरुस्तीला गेली होती. (शहरातल्या ज्या दुकानाने ‘आठ दिवसांत देतो’ म्हटलं, त्याने ती तीन महिने ठेवून घेतली. आख्ख्या जत्रा निघून गेल्या. तो राग अजून गेलेला नाही.) मग त्या वर्षी २४-२०० ची झूम लावून गेलो. ८५ वर आणली की तिचं जास्तीत जास्त तोंड एफ ६.३ उघडतं. म्हणजे बॉडी तीच, फोकल लेंथ तीच, मांडवही तोच. आपला ‘विषय संपला’ हा उपाय मी पूर्ण हंगामभर वापरला आहे.

दशावतारातल्या संकासुर या राक्षसाचा फोटो घ्या. अंगभर काळा वेष, तोंडावर काळं कापड, त्यातून लोंबणारी लाल जीभ. आदल्या वर्षीच्या १६०० च्या फाइलमध्ये त्या काळ्या कापडाच्या चुण्या मोजता येतात, जिभेच्या कडेची शिवण दिसते, एका ठिकाणी टाका उसवलेला आहे तोही दिसतो. वीस हजारांच्या फाइलमध्ये कापडाच्या जागी जांभळट डाग पडले आहेत आणि जीभ म्हणजे एक लाल पट्टा. सॉफ्टवेअरने साफ केली तेव्हा डाग गेले, त्यांच्याबरोबर चुण्याही गेल्या. कापड मेण ओतल्यासारखं गुळगुळीत झालं. ती शिवण त्या नटाच्या बायकोने घातलेली होती आणि फोटो तिलाच द्यायचा होता. मी दिला नाही.

हे असं का होतं, ते लेखात सविस्तर लिहायला हवं होतं. कोकणातल्या माणसाला एका वाक्यात कळेल. पावसात पागोळीखाली घमेलं ठेवलं तर लवकर भरतं, फुलपात्र ठेवलं तर त्यात चार थेंब पडतात. आयएसओ वाढवणं म्हणजे त्या चार थेंबांचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिणं. उजेड सेन्सरवर थेंबाथेंबानेच पडतो, आणि थेंब कमी असले की कुठे दोन जास्त, कुठे दोन कमी, हा असमानपणा डोळ्याला दाणे म्हणून दिसतो. बॉडी कितीही महाग घ्या, न पडलेला थेंब तिला मोजता येत नाही. तो आत घेते लेन्स. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता की अंधारात काम करायचं असेल तर पैसे आधी काचेत घाला. त्यात खूळ कुठे आलं?

‘एफ १.८ ला एक डोळा शार्प, दुसरा नाही’ अशी भीती बरेच जण घालतात, म्हणून तेही सांगून टाकतो. मांडवात नट माझ्यापासून पंधरा-सोळा फुटांवर असतो. तेवढ्या अंतरावर फुलफ्रेमवर ८५ एफ १.८ ला फूट-सव्वा फूट खोली शार्प मिळते. चेहरा, मुकुट, खांदे सगळं बसतं. एका डोळ्याची अडचण हातभर अंतरावरून चेहरा काढताना येते, मांडवात नाही.

माझी सुरुवात १९९८ ची, मामांच्या स्टुडिओतली. तेव्हा हातात फिल्म होती. चारशे आयएसओचा रोल आठशेवर पुश करून (आठशेचा समजून वापरून, मग जास्त वेळ) धुवायचा आणि छत्तीसपैकी सहा चौकटी जमल्या तर नशीब. एक रोल वाया गेला की मामा काही बोलायचे नाहीत, दिवसभर माझ्याकडे बघायचेही नाहीत. २००५ साली कर्ज काढून निकॉन डी ७० घेतला. त्यात आयएसओ १६०० च्या पुढे आकडाच नव्हता. त्या बॉडीवर पन्नास एफ १.८ लावून काढलेले फोटो आज इथल्या काही दशावताऱ्यांच्या घरी भिंतीवर आहेत. त्यातला एक नट गेला तेव्हा त्याच्या दहाव्याला हार घालायला तोच फोटो लावला होता. असे फोटो घरात बसून निघत नाहीत.

आणि माझा सगळा जीव एफ १.८ वरच असता, तर त्याच लेखात आंबोलीबद्दल जे लिहिलं आहे ते मी लिहिलं नसतं. तो भाग आपण वाचलेला दिसत नाही. जुलैच्या रात्री आंबोलीत मलबारी उडता बेडूक काढायला जातो तेव्हा माझी लेन्स एफ ११ वर असते. पाण्यावर वाकलेल्या फांदीला तो फेसाचं घरटं करतो, आणि टॉर्चच्या उजेडात आपण घोटाभर चिखलात उभे असतो. तिथे १०५ ची मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स), फ्लॅश आणि फ्लॅशवर दुधी प्लास्टिकचा डिफ्यूझर लागतो. एफ १.८ तिथे काहीच कामाचं नाही, कारण एवढ्या जवळून बेडकाचा डोळा शार्प आला तर नाकपुडी जाते. बॉडी तिथे जुनी क्रॉप डी ७२०० चालते, मी मुद्दाम तीच नेतो, पावसात महागडी भिजवायची कशाला. जागा बदलली की लेन्स बदलते आणि कधी बॉडीही, हेच तर मी सांगत होतो.

बॉडीचं महत्त्व मी नाकारतो असंही नाही. एलईडीखाली शटर अडीचशेवर नेलं की एक चौकट उजळ, पुढची काळवंडलेली, असं होतं, कारण आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आणि दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. तो लुकलुकाट ओळखून नेमक्या क्षणी शटर उडवणारी सोय कॅननने २०१४ साली ७ डी मार्क २ मध्ये दिली, आणि आता ती बऱ्याच बॉड्यांत असते. मांडवात काम करणाऱ्याने बॉडी घेताना ती सोय आधी तपासावी. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर मात्र एलईडीखाली वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे उमटतात. हे मूळ लेखात नव्हतं, आता घालतो.

राहिलं डोळा ओळखणारा ऑटोफोकस. संकासुराच्या तोंडावर कापड असतं, तिथे तो काय ओळखणार? पक्ष्यांसाठी उपयोगी असेल, पण माझा लेख पक्ष्यांवर नव्हता. सॉफ्टवेअरबद्दल वर लिहिलंच आहे, त्यापलीकडे आज लिहायची इच्छा नाही. किमती का दिल्या नाहीत असं शेवटी विचारलंय, त्या दर महिन्याला बदलतात, दुकानात फोन करा.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. तुमचे स्वतःचे रात्रीचे, फ्लॅशशिवाय काढलेले दोन फोटो इथे टाका, आयएसओचा आकडा सोबत लिहा. मी माझ्या संकासुराच्या दोन्ही फाइली, १६०० ची आणि वीस हजारांची, न कापता टाकतो, लोकांना बघू द्या. येणं जमत असेल तर त्रिपुरीनंतर कधीही सावंतवाडीला या. बॉडी तुमची आणा, ८५ मी देतो, मांडवात माझ्या शेजारी बसायला जागा आहे.

पण त्याआधी तो एक शब्द तेवढा मागे घ्या.