ओहतानीने 97 टक्के पगार सोडलेला नाही

गेल्या आठवड्यात भाचीने एक फॉरवर्ड पाठवला. तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर वरिष्ठांनीच टाकलेला, तोही पगारवाढीची पत्रं निघायच्या तोंडावर. "मामा, तू बेसबॉल बघतोस ना? हे खरंय का?" एवढंच तिने विचारलं होतं. हाच मजकूर याआधीही दोन ग्रुपवर माझ्यासमोर आला होता आणि मी दुर्लक्ष केलं होतं. पण तो दाखवून कुणी एखाद्या नोकरदार मुलीला गप्प बसवणार असेल तर उत्तर द्यायलाच हवं.

मजकूर थोडक्यात असा. जपानचा शोहेई ओहतानी हा आजचा सर्वांत मोठा बेसबॉलपटू. लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला 10 वर्षांसाठी 70 कोटी डॉलर देऊ केले. तो म्हणाला, मला वर्षाला 20 लाख पुरेत, उरलेल्या पैशांत चांगले खेळाडू घ्या. असा त्याने 97 टक्के पगार सोडला आणि संघ सलग दोनदा विजेता झाला. याउलट हुआन सोटोसारखे खेळाडू जो जास्त बोली लावेल त्याला विकले जातात. आणि तळाशी बोध: मोठी माणसं पगार मागत बसत नाहीत, आधी संस्था मोठी करा, पैसा आपोआप येतो.

70 कोटी खरे, वर्षाला 20 लाखही खरे, डॉजर्सची 2024 आणि 2025 ची विजेतेपदंही खरी. पण "सोडला" हे धादांत खोटं आहे. ओहतानीने एक डॉलरही सोडलेला नाही. डिसेंबर 2023 मध्ये झालेल्या करारानुसार 2024 ते 2033 या प्रत्येक वर्षाचे 6 कोटी 80 लाख डॉलर पुढे ढकलले आहेत, आणि ते त्याला 2034 ते 2043 या काळात, दर वर्षी 6 कोटी 80 लाख याप्रमाणे मिळणार आहेत. हे करारात लेखी आहे आणि करार झाला त्याच आठवड्यात जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बातमीची पहिली ओळ घेतली आणि दुसरी टाकून दिली.

असं करायला परवानगी कशी, तर मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारामुळे. 2022 ते 2026 चा हा करार कुणालाही वाचायला मिळतो. त्याच्या सोळाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की पुढे ढकलायच्या मोबदल्यावर कोणतीही मर्यादा नाही, रकमेचीही नाही आणि टक्केवारीचीही नाही. पण त्याच कलमात संघावर एक बंधनही आहे: ज्या वर्षीचा पगार पुढे ढकलला, त्याची त्या दिवशीची किंमत पुढच्या दोन वर्षांत बाजूला काढून ठेवायची. म्हणजे "उरलेल्या पैशांत खेळाडू घ्या" हा मुद्दाही बराचसा इथेच पडतो. पैसे उरलेलेच नाहीत, ते ओहतानीच्या नावाने वेगळे काढावे लागतात.

त्या दिवशीची किंमत म्हणजे काय, हे एकदा नीट पाहू, कारण सगळा घोळ इथेच आहे. करार झाला तेव्हा या हिशेबासाठी धरलेला व्याजदर होता 4.43 टक्के. बँकेत आज 4 कोटी 40 लाख ठेवले आणि 10 वर्षं चक्रवाढीने या दराने वाढू दिले, तर हातात 6 कोटी 80 लाख येतात. फिक्स्ड डिपॉझिट मोडायला निघालेल्या कोणत्याही माणसाला हे गणित कळतं. त्यात रोखीचे 20 लाख मिळवा: 4 कोटी 60 लाख. म्हणूनच संघांच्या खर्चावर बसणाऱ्या लक्झरी टॅक्ससाठी लीग त्याचा पगार वर्षाला साधारण 4 कोटी 60 लाख धरते, 7 कोटीही नाही आणि 20 लाखही नाही. 10 वर्षांचे झाले 46 कोटी. त्याआधीचा विक्रमी करार माइक ट्राउटचा, 2019 चा, 12 वर्षांचा, 42 कोटी 65 लाखांचा. म्हणजे सगळी घट धरूनही ओहतानीचा करार त्याहून मोठाच, आणि तोही दोन वर्षं कमी खेळून.

अर्धसत्य मान्य करतो, नाइलाजाने. ढकललेल्या रकमेवर व्याज नाही, आणि इतकी रक्कम पुढे ढकलायची कल्पना ओहतानीचीच होती असं त्या वेळी सर्वांनी छापलं. डॉजर्सला त्यामुळे रोख पैशाची आणि टॅक्सची थोडी मोकळीक मिळाली, हे खरं. त्याला जिंकायचं होतं, हेही खरं. त्याआधी एंजल्स संघाकडे तो सहा हंगाम खेळला आणि एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, पोचला नाही. डॉजर्सचे मालक मार्क वॉल्टर किंवा बेसबॉल विभागाचे प्रमुख अँड्र्यू फ्रीडमन यांच्यापैकी कुणी गेलं तर आपल्याला बाहेर पडता येईल, अशी अटही त्याने करारात घालून घेतली. बोध लिहिणाऱ्यांनी ही अट पुन्हा वाचावी. संस्थेवर भरवसा ठेवून तो गप्प बसला नाही, भरवसा मोडला तर काय हे त्याने आधीच लिहून घेतलं.

आणि "20 लाखांत भागवतो" म्हणणाऱ्यांनी जपान एअरलाइन्स, सेइको, न्यू बॅलन्स, इतो एन यांच्या जाहिराती पाहाव्यात. जाहिरातींतून त्याला वर्षाला जे मिळतं त्यापुढे हे 20 लाख नगण्य आहेत. रोख पगार पुढे ढकलणं त्याला परवडतं ते म्हणून. महिन्याच्या पाच तारखेला गृहकर्जाचा हप्ता जाणाऱ्या माणसाला हे उदाहरण द्यायचं?

शिवाय 2034 नंतर तो कॅलिफोर्नियाबाहेर राहायला गेला तर त्या रकमेवर तिथल्या राज्याचा आयकर बहुधा लागणार नाही. तिथला सर्वांत वरचा दर 13 टक्क्यांहून जास्त आहे. राज्याचे आर्थिक हिशेब पाहणाऱ्या कंट्रोलर मॅलिया कोहेन यांनी जानेवारी 2024 मध्ये याच करारावरून अमेरिकी संसदेकडे कायदा बदलायची मागणी केली होती. यात बेकायदा काही नाही. पण याला त्याग म्हणू नका.

पुढे ढकललेला पगार हा सोडलेला पगार नसतो, हे कळायला बॉबी बोनिया या जुन्या बेसबॉलपटूचं उदाहरण पुरेसं आहे. तो 2001 मध्ये निवृत्त झाला. मेट्स संघ त्याला 59 लाख डॉलर देणं लागत होता. ते 8 टक्के व्याजाने पुढे ढकलले. 2011 पासून दर 1 जुलैला त्याला जवळपास 11 लाख 93 हजार डॉलर मिळतात, आणि ते 2035 पर्यंत मिळत राहतील.

सोटोबद्दल थोडक्यात. डिसेंबर 2024 मध्ये त्याने मेट्सशी 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाखांचा करार केला, त्यात पुढे ढकललेलं काहीही नाही. यांकीज संघाचा देकार होता 16 वर्षांसाठी 76 कोटी. दोन्हीकडे एवढा पैसा असताना तो कुणीकडेही गेला असता तरी "पैशासाठी गेला" असंच म्हटलं असतं.

सगळ्यात वाईट म्हणजे, ओहतानीने खरोखर पैसा सोडला तो प्रसंग या फॉरवर्डमध्ये नाहीच. 2017 च्या डिसेंबरात तो 23 वर्षांचा होता. 25 च्या आतल्या परदेशी खेळाडूला किती बोनस द्यायचा यावर लीगचं कडक बंधन आहे. दोन वर्षं जपानमध्ये थांबला असता तर खुल्या बाजारात कोट्यवधी डॉलर मिळाले असते. तो थांबला नाही. त्यातही टेक्सास रेंजर्स आणि यांकीज 35 लाखांच्या आसपास देऊ शकत असताना त्याने एंजल्सचे 23 लाख 15 हजार घेतले. हा निर्णय मला मनापासून मोठा वाटतो. जपानच्याच रोकी सासाकीनेही जानेवारी 2025 मध्ये 65 लाखांच्या बोनसवर डॉजर्सशी असाच लवकर करार केला. तिथलाच योशिनोबु यामामोतो मात्र 25 पूर्ण होईपर्यंत थांबला आणि त्याला 12 वर्षांचे 32 कोटी 50 लाख मिळाले. तोही काही लोभी नाही.

पण त्या सोडलेल्या पैशाचं पुढे काय झालं? "आपोआप" आला का? 2018 मध्ये ओहतानीचा पगार 5 लाख 45 हजार. 2021 मध्ये तो एकमताने अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्या वर्षीचा पगार 30 लाख. पुढच्या वर्षी 55 लाख. सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूला संघ निवडता येत नाही, म्हणून. 2023 मध्ये ती पूर्ण झाली, तो मोकळा झाला, आणि महिना-दीड महिन्यात 70 कोटींवर सही झाली. त्याची किंमत जगाला आधीपासून माहीत होती. ती मिळाली ती दुसरीकडे जायचा हक्क हातात आल्यावर, आणि वाटाघाटी केल्या त्याचा एजंट नेझ बालेलो याने.

तो हक्कही कुठल्या मालकाने खुशीने दिलेला नाही. 1969 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स संघाने आपला खेळाडू कर्ट फ्लड याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला, लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून सांगितलं की मी कुणाची खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, आणि खटला भरला. त्या वेळी तो वर्षाला 90 हजार डॉलर कमावत होता, त्यामुळे त्यालाही लोकांनी हावरटच म्हटलं. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 असा हरला. कारकीर्द तोवर संपली होती. मग 23 डिसेंबर 1975 ला लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि करार संपल्यावर खेळाडूला आयुष्यभर बांधून ठेवायची पद्धत मोडली. मार्विन मिलर 1966 मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले तेव्हा लीगमधला किमान पगार होता 6 हजार डॉलर. 1968 च्या पहिल्या सामूहिक कराराने तो 10 हजार झाला. 2025 मध्ये तो 7 लाख 60 हजार होता. यातली एकही वाढ न मागता मिळालेली नाही, आणि ओहतानी त्याच संघटनेचा सभासद आहे.