तुरीतलं ते बिबट्याचं पिल्लू नाही

रविवारपासून गावच्या ग्रुपवर फोटो फिरतोय: ‘तुरीत बिबट्याचं पिल्लू, मादी जवळच आहे, वावरात जाऊ नका.’ फोटो मीच काढलाय, आमच्या धुऱ्यावरून; खालची ओळ माझी नाही. ते पूर्ण वाढलेलं रानमांजर आहे, बाऊल. मूळ फोटो मोठा करून पाहिला तर अंगावर ठिपके नाहीत, कानांच्या टोकाला काळे केस, आखूड शेपटावर काळी वलयं. बिबट्याच्या पिल्लाला अंगभर ठिपके नि लांब शेपूट असतं. फिरणाऱ्या फोटोत नेमकं शेपूटच कापलं गेलंय, घोळ तिथंच झाला. बाऊल वावरातले उंदीर खातं, काठ्या घेऊन त्याच्यामागं लागू नका. तो मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.