बॅकअप आहे, पण

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली एक जुना डेस्कटॉप घरघरत असतो, मी त्याला होम सर्व्हर म्हणतो, आई 'तो खोका' म्हणते. मागच्या महिन्यात त्याची डिस्क कटकट कटकट करत गेली. मी निवांत! 3-2-1 पाळणारा माणूस ना मी, म्हणजे डेटाच्या 3 कॉप्या, 2 वेगळ्या माध्यमांवर, 1 घराबाहेर. (माध्यमं दोन्ही हार्ड डिस्कच, पण जाऊदे.) बाहेरची कॉपी निगडीला मावशीच्या कपाटात, पैठणीखाली.

नवीन डिस्क टाकली, घरातली एक्स्टर्नल ड्राइव्ह जोडली, आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) चालू केलं. स्पीड सेकंदाला 30 एमबी, म्हणजे दीड टीबीला जवळपास 14 तास. बाबा दर अर्ध्या तासाने "किती झालं रे?" विचारायला, जसं काही गॅसवर दूध ठेवलंय. रात्री कधीतरी ट्यूब पेटली की ड्राइव्हची रुंद तोंडाची केबल ड्रॉवरमध्येच पडलीय आणि मी लावलीय मोबाईलची जुनी चार्जिंग केबल, ती त्या रुंद भोकाच्या एका बाजूला मस्त बसते, चालते पण, फक्त यूएसबी 2 च्या जुन्या, संथ चालीने.

केबल बदलली, उरलेलं भराभर आलं. पण आरसिंकला दिलेल्या पाथच्या, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याच्या, शेवटची तिरकी रेघ विसरलो होतो, त्यामुळे 'फोटो'च्या आत 'फोटो'. ते निस्तरलं, तर आमच्या लग्नाचं शूटिंगच गायब! 6 जीबीची एकच फाइल. टीव्हीला चालावी म्हणून मीच ती ड्राइव्ह फॅट 32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, आणि त्यात 4 जीबीच्या वरची फाइल मावतच नाही. रोज रात्री तसा एरर लॉगमध्ये येत होता म्हणे. लॉग कोण वाचतं, सोसायटीची नोटीस तरी कोण वाचतं?

मावशीला फोन लावला. "अगंबाई, ती होय! दादाने सेटटॉप बॉक्सला लावली, माझ्या मालिका रेकॉर्ड करायला. बॉक्सने फॉरमॅट करू का असं काहीतरी विचारलं, तो हो म्हणाला. छान चालते हो!"

बायको काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटी बाबांनी माळ्यावरून शूटिंगवाल्याने दिलेल्या 2 डीव्हीडी काढल्या, वर मार्करने 'भाग 1', 'भाग 2', आणि ऐटीत माझ्यासमोर ठेवल्या. सर्व्हरचा डीव्हीडी ड्राइव्ह मी मागेच भंगारात दिलाय, जास्तीच्या डिस्कला जागा हवी होती म्हणून. रविवारी जुन्या बाजारात जायचंय.