कायदेशीर अ‍ॅप विचारणाऱ्या माणसाला हसू नका

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, पोस्ट लांब होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

आमच्या ड्रामा बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका नवीन आलेल्या मुलीने विचारलं, की मला प्रवासात नेट नसताना कोरियन नि चायनीज ड्रामा बघायचेत, पैसे भरायची तयारी आहे, तर डाउनलोड करता येईल असं कायदेशीर अ‍ॅप कुठलं? झालं. आधी नुसत्या हसणाऱ्या स्मायल्या. मग टेलिग्रामवरच्या चोरीच्या लिंका. मग एकीने कुठल्याशा साइटवरची एपीके फाइलच (म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून फोनमध्ये टाकायची) टाकली, वर "घे गं, सगळं फुकट, एचडी". ती पोरगी "थँक्यू ताई" म्हणून गप्प बसली. तिने विचारलं काय आणि आपण दिलं काय!

आपणच सगळ्या जणी हिरोच्या वाढदिवसाला स्टेटस ठेवतो, लेखिकेचा पुढचा ड्रामा कधी येणार म्हणून डोळे लावून बसतो, आणि पैसे भरून बघते म्हणणारी एक मुलगी भेटली तर तिला वेड्यात काढतो? मला हे नाही पटत. एक तर त्या एपीके फाइली कोणी बनवल्या, आत काय घातलंय, कोणालाच माहीत नसतं. ड्रामा दाखवणाऱ्या अ‍ॅपला तुमचे एसएमएस आणि कॉन्टॅक्ट कशाला लागतात हो? ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो त्याच फोनमध्ये हे टाकायचं, आणि तेही दुसऱ्याच्या पोरीला टाकायला सांगायचं.

आणि सबटायटल! ही गोष्ट कोणी बोलतच नाही. आशियाई ड्रामा दाखवणारं विकी नावाचं अ‍ॅप आहे, कंपनी २००७ मधली, २०१३ मध्ये ती राकुटेन या जपानी कंपनीने घेतली, तिथली कितीतरी सबटायटलं बघणाऱ्यांनीच स्वतःच्या वेळात बनवलेली असतात. एक जण व्हिडिओचे वाक्यावाक्याप्रमाणे तुकडे पाडतो, दुसरी भाषांतर करते, तिसरी ते तपासते. मोठ्या बहिणीला काय म्हणतात, राजाशी कसं बोलतात, अमुक सणाला काय खातात, हे आपल्याला कळावं म्हणून मध्येच छोटीशी टीप टाकतात. कोणाची तरी अख्खी संध्याकाळ असते ती. तीच सबटायटलं उचलून चोरीच्या साइटवाले आपल्या जाहिरातींच्या मध्ये चिकटवतात. हे आठवलं की मला खरंच वाईट वाटतं. राग नाही, वाईट.

पण माझा राग एकट्या लिंकवाल्यांवर नाहीये. खरा राग कुठला आहे ते सांगते.

आजी दवाखान्यात होती तेव्हा रात्री आई तिच्याजवळ थांबायची. वॉर्डमध्ये नेटवर्कचा पत्ता नाही. आईला झोप लागत नाही नवीन जागी, म्हणून मी तिच्या फोनवर एका अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन घेतलं, नाव नाही घेत, आणि तिचा आवडता चायनीज ड्रामा, तो राजवाड्यातला लांबलचक, भाग भाग करून डाउनलोड करून ठेवला. सगळ्या भागांवर बरोबरची खूण आली होती, मी स्वतः बघितली होती. रात्री आजी झोपल्यावर आईने इयरफोन लावले, भाग उघडला, आणि स्क्रीनवर काय, तर लायसन्स रिन्यू करण्यासाठी इंटरनेटला कनेक्ट करा. दुसरा भाग, तेच. तिसरा, तेच. सकाळी मी डबा घेऊन गेले तर आई हळूच म्हणते, "अगं, माझ्याकडून काही बिघडलं का? आपण पैसे भरले होते ना?"

भरले होते आई. भरले होते म्हणून तर हे झालं. चोरीची फाइल असती तर मुकाट चालली असती!! हे मला कबूल करावं लागतं, आणि ते कबूल करताना जीव जळतो.

असं का होतं ते नंतर मी खोदून खोदून वाचलं. आपण ज्याला डाउनलोड म्हणतो ती फाइल आपल्या मालकीची नसते, कुलूप लावलेली असते, गॅलरीत दिसतसुद्धा नाही. कुलपाची किल्ली अ‍ॅपचा सर्व्हर देतो आणि तिला मुदत असते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हे काम गूगलचं वाइडवाइन करतं, आयफोनवर अ‍ॅपलचं फेअरप्ले. नेटफ्लिक्सने डाउनलोडची सोय २०१६ च्या नोव्हेंबरात आणली, पण तिथेही काही कार्यक्रम असे आहेत की एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत मुदत संपते. डिस्ने प्लसला ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं. प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि तो नियम पैसे भरायच्या पानावर नसतो, मदतीच्या पानांच्या पोटात कुठेतरी असतो. माझी आई वाचणार आहे का मदतीचं पान? रात्री? वॉर्डमध्ये, नेट नसताना?

बरं, कंपन्यांचीही एक बाजू आहे, नाही असं नाही. ड्रामा त्यांचा स्वतःचा नसतो, चॅनलकडून काही वर्षांसाठी, तोही देशादेशाप्रमाणे वेगळा विकत घेतलेला असतो, करार संपला की काढावाच लागतो. ठीक आहे. मान्य. पण मग ते आधी सांगा ना.

या देशादेशाच्या भानगडीमुळेच "हे एक अ‍ॅप घे" असं उत्तर कोणाला देता येत नाही. कोकोवा केबीएस, एमबीसी, एसबीएस या तीन कोरियन चॅनलचं, पण ते सुरू झालं अमेरिकेपुरतं. विऊ हाँगकाँगच्या कंपनीचं, त्याच्या प्रीमियममध्ये डाउनलोड मिळतं, पण ते मोजक्याच देशांत. चायनीज बघायचं तर आयचीयी आणि टेन्सेंटचं वीटीव्ही, दोन्हीकडे डाउनलोड व्हीआयपीवाल्यांना, म्हणजे पैसे भरणाऱ्यांना, आणि तिथेही एखादा ड्रामा एका देशात आहे नि शेजारच्या देशात नाही. तोच ड्रामा तुमच्याकडे नेटफ्लिक्सवर असेल आणि तुमच्या बहिणीकडे विकीवर. म्हणून आधी ड्रामा ठरवा, मग तुमच्या देशात तो कोणाकडे आहे ते बघा, मग डाउनलोड कुठल्या प्लॅनमध्ये आहे ते बघा. सगळ्यात स्वस्त किंवा फुकटच्या प्लॅनमध्ये ते पुष्कळदा नसतं. स्टोअरवर त्याच नावाची नकली अ‍ॅपं पण असतात, खाली डेव्हलपरचं नाव वाचल्याशिवाय इन्स्टॉल करू नका.

आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन फ्लाइट मोडवर टाकून, अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडून, एक भाग पाच सेकंद चालवून बघा. पण ज्याची मुदत प्ले दाबल्यावर सुरू होते असा भाग त्यासाठी नका निवडू, जो आधी बघून झालाय तो घ्या. सबटायटलची भाषा डाउनलोडच्या आधीच निवडा, नाहीतर चित्र चालतं आणि खाली अक्षर नाही. अ‍ॅपमधून लॉगआउट तर अजिबात करू नका, डाउनलोड केलेलं उडून जाऊ शकतं. कोरियन ड्रामा सहसा १२ ते १६ भागांचा, प्रत्येक भाग तासाच्या वर, चायनीज तर ४० किंवा त्याच्याही पुढे जातो, त्यामुळे फोनमध्ये जागा आहे का तेही बघा, साधी क्वालिटी ठेवलीत तरी फोनच्या स्क्रीनवर काही बिघडत नाही.

एवढं सगळं करायचं. पैसे देऊन. मला सांगा, हे माझ्या आईने करायचं?

कोणी म्हणेल एवढ्याशा गोष्टीवर काय एवढं. एवढीशी नाहीये. दवाखान्यात रात्र काढलेल्या माणसाला विचारा, दोनला जाग आली की पहाट किती लांब असते. त्या वेळी आईला तो ड्रामा हवा होता, आणि तिने तो रीतसर मागितला होता.

ड्रामाफीव्हर आठवतंय का कोणाला? चांगलं चाललेलं, आशियाई ड्रामांसाठीच असलेलं अ‍ॅप, वॉर्नर ब्रदर्सच्या ताब्यात गेलं आणि १६ ऑक्टोबर २०१८ ला एका दिवसात बंद. लोकांच्या याद्या, अर्धवट राहिलेले ड्रामा, सगळं गेलं. पैसे भरणारे लोक होते ते, फुकटे नव्हते. त्यातले कितीतरी नंतर लिंकांकडे गेले असतील तर मी त्यांना शिव्या देणार नाही, पण त्यांना तिथे कोणी ढकललं हे तरी बोला.

म्हणून माझं दोघांनाही सांगणं आहे. अ‍ॅपवाल्यांनो, प्रत्येक डाउनलोडखाली तारीख आणि वेळ लिहा, की हा भाग नेटशिवाय कधीपर्यंत चालेल. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, फोनला नेट असताना, एक सूचना पाठवा. आणि जो ड्रामा काढणार असाल त्याची तारीख पैसे घ्यायच्या आधी दाखवा. यातलं काही तुम्हाला अवघड नाही, तारीख तुमच्याकडे आहेच, तुम्ही ती आमच्यापासून झाकून ठेवता.

आणि मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी असं विचारलं आणि माहीत नसेल तर गप्प बसा, पण हसू नका गं. माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा: देश कुठला, अ‍ॅप कुठलं, प्लॅन कुठला, आणि नेट बंद करून स्वतः चालवून बघितलंय का. मी सगळं एकत्र करून ग्रुपवर टाकते. लिंका टाकू नका, टाकल्यात तर कमेंट उडवणार, कोणाचीही असो.