शिआनला फक्त मातीच्या सैनिकांसाठी जाऊ नका

चीनच्या सहलींचे कार्यक्रम चाळले की शिआनच्या वाट्याला बहुतेक एखादाच दिवस आलेला दिसतो. सकाळी मातीचे सैनिक, दुपारी जेवण, संध्याकाळी स्टेशन. या शहरात निवांत राहून, पायी हिंडून आल्यावर मला हे अजिबात पटत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

सैनिक बघायचेच. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना त्यांचे तुकडे सापडले. ज्याच्या थडग्याच्या राखणीसाठी ते घडवले, तो चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग इ.स.पू. २१० मध्ये वारला. उत्खननाच्या पहिल्या खड्ड्यावरच्या त्या अवाढव्य छपराखाली उभं राहिलं की बोलणं सुचत नाही. सगळे मुळात रंगवलेले होते, पण मातीबाहेर येताच रंगाखालचा लाखेचा थर सुकून सुटतो आणि रंग गळून पडतो. सम्राटाची मुख्य कबर अजून उघडलेली नाही. हा संयम मला फार मोठा वाटला.

पण हे सगळं शहरापासून बरंच लांब, लिनथोंगला आहे. खुद्द शहर राहूनच जातं. मिंग राजघराण्याच्या काळातला तट अजून शहराभोवती सलग उभा आहे, घेर जवळपास १४ किलोमीटर. बीजिंगने आपला तट गेल्या शतकात बहुतांशी पाडला, शिआनने राखला. दक्षिण दरवाजापाशी भाड्याने सायकल मिळते. ऊन उतरल्यावर वर चढा. आत जुनी कौलं, बाहेर काचेचे टॉवर, आणि खाली खंदकाकाठच्या बागेत नाचणारी, व्यायाम करणारी म्हातारी माणसं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात भेटणारा बौद्ध भिक्खू ह्युएन त्संग भारतात यायला याच शहरातून निघाला होता. तेव्हा याचं नाव छांगआन. ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ते सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये मोठा हंस पॅगोडा बांधला गेला. त्याच्या चरित्रात म्हटलंय की बांधकामाच्या विटा त्याने स्वतःही वाहिल्या. हाच माणूस चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. डोंगरातल्या एका विहाराचं आणि दाराशी असलेल्या दगडी हत्तींचंही वर्णन त्याने केलंय. ते अजिंठ्याचं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्याविषयी सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी इतकं आस्थेने लिहिणाऱ्या माणसाच्या दारावरून मराठी माणसांची बस न थांबता निघून जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. पॅगोड्याच्या पायथ्याशी हात जोडताना माझे डोळे भरून आले.

पॅगोड्याच्या दक्षिणेकडे थांग काळाच्या, म्हणजे ह्युएन त्संगच्याच काळाच्या थाटात उभारलेला नवा रस्ता आहे. रात्री तिथला झगमगाट इतका असतो की पॅगोडा त्यात हरवतो. मला तो आवडला नाही. जुन्या पद्धतीचे पायघोळ पोशाख भाड्याने घेऊन मिरवणाऱ्या मुली मात्र सुंदर दिसत होत्या.

खाण्यासाठी ढोल मनोऱ्यामागची ह्वेई मुसलमानांची वस्ती गाठा. मुख्य रस्त्यावर गर्दी फार, म्हणून आतल्या गल्ल्या धरा. तिथली मोठी मशीद बघाच: घुमट नाही, चौकामागून चौक, लाकडी छपरं, कोरीव दगडी कमानी. मटण खाणाऱ्यांनी पाओमो घ्यावा. जाड रोटी आपणच बारीक कुस्करून द्यायची, मग त्यावर रस्सा घालून आणतात. शाकाहाऱ्यांना ल्यांगपी मिळते: गार, रुंद शेवया, व्हिनेगर आणि लाल तिखटाचं तेल. मांस नको हे चिनी लिपीत लिहून जवळ ठेवा. पैसे बहुतेक ठिकाणी मोबाइलवरूनच देतात, त्यामुळे अलीपे हे पैसे देण्याचं ॲप निघण्याआधी सुरू करून घ्या. तिकिटांना पासपोर्ट लागतो.

सहल कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे: शिआनला तीन रात्री द्या, आणि त्यातली एक सकाळ पॅगोड्यासाठी ठेवा. ते जमत नसेल तर मंडळी, तुम्ही स्वतःच आखून जा. मेट्रो पॅगोड्यापर्यंत जाते.