अर्ध्या सेकंदासाठी मॅन्युअल मोडीत काढायची?

गाड्यांच्या गप्पांत एक दावा हल्ली सर्रास फिरतो: ऑटोमॅटिक माणसापेक्षा झटपट गिअर बदलते, शर्यतीतही तीच जिंकते, मॅन्युअल कोणी घेत नाही, तेव्हा स्पोर्ट्स कारमधला क्लच आता काढून टाका. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढचं मला अजिबात मान्य नाही.

वेगाचंच आधी बघू. पोर्शेची २०२१ची ९११ जीटी३ ड्युअल क्लचवर, म्हणजे दोन क्लच असलेल्या झटपट ऑटोमॅटिकवर, ताशी ० ते १०० किलोमीटर ३.४ सेकंदांत जाते, सहा गिअरच्या मॅन्युअलवर ३.९. फरक आहेच. पण टॉप स्पीड मॅन्युअलची ताशी ३२० किलोमीटर आणि ड्युअल क्लचची ३१८, वजनही मॅन्युअलचंच थोडं कमी. ट्रॅकवर वेळ लावून पळवणाऱ्याने खुशाल ड्युअल क्लच घ्यावी. रस्त्यावर तो अर्धा सेकंद कुठे खर्च करणार?

शर्यतीचा दाखला १९८९चा. फेरारी ६४० ही फॉर्म्युला वनची गाडी गिअर बदलणारी स्टिअरिंगमागची पॅडल घेऊन ब्राझीलमध्ये उतरली आणि नायजेल मॅन्सेलने पहिलीच शर्यत जिंकली. तिथे चूक टाळणं हेच काम. आपण गाडी घेतो ती चालवण्यासाठी, आणि चालवणं म्हणजे काय ते मला ताम्हिणी घाटात कळलं, तेही साध्या हॅचबॅकमध्ये. उतारावर वळण येतं. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, डावा पाय क्लचवर. तिसऱ्यातून दुसरा टाकताना त्याच उजव्या पायाच्या कडेने हलकी रेस द्यायची. जमलं तर क्लच सोडल्याचं शेजारच्याला कळतही नाही. चुकलं तर गाडी हिसका देते, आणि ओल्या रस्त्यावर तेवढ्याने चाकं घसरू शकतात. ऑटोमॅटिक हे सगळं स्वतः बिनचूक करते. मला ते स्वतः करायचं असतं.

‘कोणी घेत नाही’ म्हणणाऱ्यांनी पोर्शेलाच बघावं. २०१३च्या जीटी३मधून मॅन्युअल काढली. २०१६ला फक्त मॅन्युअलवर ९११ आर आणली, मोजून ९९१ गाड्या. २०१७ला जीटी३मध्ये मॅन्युअल परत आली. टोयोटाची जीआर सुप्रा २०१९ला फक्त ऑटोमॅटिक होती, २०२२ला तिलाही क्लच मिळाला. गिऱ्हाईक नसतं तर हा खर्च कोणती कंपनी करेल?

रोजच्या कोंडीत मात्र ऑटोमॅटिकच बरी, त्यावर वाद नाही.

राहिला ‘जुनाट तंत्रज्ञान’ हा शेरा. गाड्यांचे डिझायनर गॉर्डन मरे यांच्या मॅक्लारेन एफ१ या रस्त्यावरच्या मॅन्युअल गाडीने १९९८मध्ये ताशी ३८६ किलोमीटर गाठले होते. त्याच मरे यांनी २०२०मध्ये टी.५० ही नवी गाडी दाखवली. इंजिन व्ही१२, मिनिटाला १२,१०० फेरे घेणारं. गिअरबॉक्स सहा गिअरचा, मॅन्युअल.